आधी संडास, मग घर

गेल्या वर्षी चार महिने मी सरकारदरबारी एका संडासाचा घरप्रमुख होतो. ही तक्रार नव्हे. मी स्वतः एकतीस वर्षं प्रांताच्या मुख्य शहरात एका सरकारी कचेरीत खिडकीमागे बसून लोकांना झेरॉक्स आणायला परत पाठवलेलं आहे, त्यामुळे सरकारी कागदाबद्दल वाकडा शब्द माझ्या तोंडून सहसा निघत नाही. कागदावर थावोन हे माझं नाव होतं, त्याखाली घर क्रमांक ८७/१ होता, गाव नोंग काबाओ होतं, आणि सगळं बिनचूक होतं. फक्त ते घर म्हणजे सहा फूट बाय आठ फुटांचा संडास होता.

मूळ बेत साधा होता. माझे सासरे, खाम्पान बाबा, एक्क्याऐंशी वर्षांचे. त्यांचं लाकडी घर गावातल्या सगळ्या जुन्या घरांसारखं खांबांवर उभं, वर जायला अकरा पायऱ्या. त्याच्या आदल्या पावसाळ्यात नवव्या पायरीवरून ते घसरले आणि उजवा गुडघा कायमचा गेला. तेव्हापासून ते पायऱ्या बसून उतरत. माझी बायको लामदुआन त्यांची एकुलती एक मुलगी. मी सप्टेंबरअखेर निवृत्त झालो, त्याच संध्याकाळी तिने सांगितलं, की आपण गावी जायचं, बाबांच्या शेजारच्या तुकड्यावर जमिनीलगत घर बांधायचं आणि पुढचा पावसाळा लागायच्या आत बाबांना खाली आणायचं. पुन्हा एकदा ते घसरले तर मी स्वतःला माफ करणार नाही, असंही ती म्हणाली. हे म्हणताना ती माझ्या निवृत्तीच्या हारातली झेंडूची फुलं एकेक सोडवत होती.

बाबांचा ह्याला साफ नकार होता.

"जावयाच्या घरी सासरा राहायला जातो का कुठे?" ते म्हणाले. "जावई येतो सासऱ्याकडे. हा आला होता तसा."

ते खरं होतं. आमच्या भागात लग्नानंतर मुलगा मुलीच्या घरी राहायला जातो. मीही वर्षभर राहिलो होतो आणि त्या वर्षभरात भातलावणीत मी किती वाकड्या ओळी लावल्या, हे गावाला अजून तोंडपाठ आहे. एकतीस वर्षं शहरात नोकरी करून परत आलो तरी गाव मला जावईबापू ह्याच नावाने ओळखतं, आणि त्यात बापूपेक्षा जावयावर जोर असतो.

"तू बांधायला घे," लामदुआन मला आत येऊन म्हणाली. "त्यांचं मी बघते."

बांधायला घ्यायचं म्हणजे आधी भराव. आमचा तुकडा सखल होता. शेजारच्या पाई मावशी, ज्या गावच्या आरोग्यसेविका आहेत आणि म्हणून कुणाच्याही अंगणात न विचारता शिरू शकतात, त्यांनी स्वतःच्या घराच्या खांबावर पुराची खूण दाखवली आणि म्हणाल्या, "निदान एवढं तरी भरा." गावप्रमुख बुनलुएन आले, त्यांनी खूण पाहिली आणि ती जुन्या पुराची आहे, पुढचा पूर मोठा असणार, असं सांगितलं. मातीचा ट्रक त्यांच्या मेव्हण्याचा होता, पण त्याचा ह्या मताशी संबंध नसावा. मग रस्त्याने जाणारा प्रत्येक जण थांबून आणखी एक वीत सुचवू लागला. आमच्याकडे शेजाऱ्याच्या जोत्यापेक्षा आपलं जोतं खाली असणं हा अपमान समजतात. कारण त्याच्या अंगणातलं पाणी आपल्या अंगणात येतं आणि ते वर्षानुवर्षं सगळ्यांना दिसत राहतं. मी खिडकीमागचा माणूस, लोकांनी मान वर करून माझ्याशी बोलावं ह्याची मला सवय. म्हटलं, होऊ दे उंच. शेवटी भराव रस्त्यापेक्षा सव्वा मीटर वर गेला. कोपऱ्यात, रस्त्याच्या बाजूला एक पट्टा तेवढा जुन्या पातळीला राहिला, कारण तिथे ट्रक वळवायला जागा लागत होती.

होम मिस्त्री हा आमचा गवंडी. शांत माणूस. तो जमीन बघायला आला, तोंडातली काडी एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेली आणि म्हणाला, "पाणी कुठंय?"

पाणी नव्हतं. काँक्रीट कालवायला पाणी लागतं ही गोष्ट मला ऐकून माहीत होती. मी गावप्रमुखांकडे गेलो, कारण गावच्या पाणीसमितीचे अध्यक्ष तेच. ते पाण्याच्या टाकीखाली बसून कोंबड्याच्या पायाला औषध लावत होते.

"नळ मिळेल की," ते म्हणाले. "घर नंबर सांगा."

"घर बांधायचंय अजून."

"मग बांधून झाल्यावर या. नळ घराला देतात, जावईबापू. मातीला कसा देणार?"

मी तालुक्याच्या कचेरीत गेलो. खिडकीमागची मुलगी अत्यंत नम्र होती. तिने हात जोडले, मला बसायला खुर्ची दिली, आणि सांगितलं, की घर नंबर घर पूर्ण झाल्यावर मिळतो. पूर्ण म्हणजे छप्पर, भिंती, दार आणि संडास.

"पण बांधायला पाणी लागतं, आणि पाण्याला नंबर लागतो," मी म्हणालो.

"हो ना," ती म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटलं.

मी घरी येताना बसमध्ये ह्या नियमांचा विचार करत होतो. नंबराला घर, घराला पाणी, पाण्याला नंबर. कुठेही फट नाही. हयातभर असले नियम राबवले, पण इतका गोल, इतका घोटीव नियम माझ्या कचेरीतही नव्हता. मनातून थोडा हेवाच वाटला.

होम मिस्त्रीला ह्यात काहीच विशेष वाटलं नाही. "सगळे आधी संडास बांधतात," तो म्हणाला. "छप्पर, भिंती, दार, संडास. चारी गोष्टी त्यातच आल्या. त्याच्यावर नंबर घ्यायचा, मग नळ, मग घर. तुम्हाला कचेरीत कुणी सांगितलं नाही?"

एकतीस वर्षांत मीही कुणाला सांगितलं नव्हतं.

संडासाला लागणारं पाणी बाबांच्या रांजणांतून आलं. त्यांच्या घराखाली पावसाच्या पाण्याचे सात मोठे रांजण आहेत, आणि ते पाणी ते फक्त पितात. त्यांनी नाही म्हटलं नाही. फक्त रांजणांपाशी एक स्टूल टाकून बसले, आणि प्रत्येक बादलीमागे होम मिस्त्रीला विचारू लागले, "एवढं कशाला लागतं?" संडास कुठे असावा, दार कुठल्या दिशेला असावं, खड्डा किती खोल असावा, ह्यावरही त्यांनी स्टुलावरूनच मत दिलं. ते बरोबरही होतं, म्हणून संडास रस्त्याकडेच्या त्या जुन्या पातळीच्या पट्ट्यावरच घेतला. लामदुआनने बसका संडास नको, कमोड हवा आणि भिंतीला धरायला स्टीलचा दांडा हवा असं सांगितलं. का, ते कुणी विचारलं नाही.

इथे एक अडचण आली, जी माझ्या हिशेबात नव्हती. घराचा पहिला खांब शुभ वेळेवर उभा करतात. विहारातल्या वडील भिक्खूंनी ती वेळ महिन्याभरापूर्वीच काढून दिली होती: गुरुवार, सकाळी नऊ वाजून नऊ मिनिटं. त्यानंतर चार महिने चांगला दिवस नव्हता. आणि त्या गुरुवारी आमच्या अख्ख्या जमिनीत खणून तयार असलेला खड्डा एकच होता, संडासाच्या उजव्या कोपऱ्याचा.

"वेळ चुकवायची नाही," लामदुआन म्हणाली. "खांब तो खांब."

त्याप्रमाणे गुरुवारी संडासाच्या खांबाला केळीचा कोंब आणि उसाची कांडी बांधली, सोन्याचा वर्ख लावला, पाच रंगांचं कापड गुंडाळलं. भिक्खूंनी मंत्र म्हटले. कुठल्या खोलीचा खांब, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "घराचा, भन्ते." कायद्याच्या भाषेत ते खोटं नव्हतं. पाई मावशींनी मात्र फुलं वाहताना मागे वळून बायकांना सांगितलंच, आणि बायका मंत्र संपेपर्यंत मान खाली घालून हसत राहिल्या.

तीन आठवड्यांनी कचेरीतली तीच मुलगी पाहणीला आली. तिने फोटो काढले, फॉर्म भरायला घेतला.

"छप्पर आहे. भिंती आहेत. दार आहे. संडास कुठंय, काका?"

"तू त्यातच उभी आहेस," मी म्हणालो.

तिने हात जोडले आणि नंबर दिला, सोबत घराच्या नोंदीचं निळं पुस्तक, घरप्रमुख म्हणून माझ्या नावाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावप्रमुखांनी भोंग्यावरून रोजच्या बातम्या दिल्या. खताची गाडी कधी येणार, कुणाची म्हैस कुणाच्या शेतात शिरली, आणि मग, "आपल्या जावईबापूंच्या संडासाला ८७/१ हा क्रमांक मिळालेला आहे. अभिनंदन." भोंगा आमच्या गावासाठी असला तरी तो शेजारच्या दोन गावांत ऐकू जातो. त्या आठवड्यात बाजारात ज्या माणसांना मी कधी पाहिलं नव्हतं त्यांनीही घराची चौकशी केली.

नंबर मिळाला तशी सगळी व्यवस्था त्या नंबरावर धावून आली. समितीने नळाचं मीटर संडासाच्या भिंतीला बसवलं. पाई मावशींनी डासांच्या अळ्यांची तपासणी करून त्याचं कार्ड संडासाच्या दाराला चिकटवलं, कारण कार्ड घराच्या दाराला लावायचं असतं. पोस्टमन माझ्या निवृत्तिवेतनाचं पाकीट कमोडच्या टाकीवर ठेवून गेला. मी त्याला पुढच्या वेळी गाठलं, तर तो म्हणाला, "दार उघडं होतं, बापू. माणूस आत नव्हता म्हणून बरं." वडील भिक्खूंनी एक दिवस भिक्षेहून परतताना मला थांबवून शांतपणे विचारलं, की त्या शुभ खांबावर आता नेमकं काय उभं आहे. मी सांगितलं. ते म्हणाले, की खांबाला फरक पडत नाही.

असो. पाणी आलं होतं. फेब्रुवारीपासून होम मिस्त्रीने त्या पाण्यावर वर भरावावर घर उभं करायला घेतलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, ओटी. मे महिन्याच्या सुरुवातीला छप्पर चढलं, नळ बसले. मी स्वयंपाकघरातला नळ समारंभाने उघडला. नळाने एक सुस्कारा सोडला, आणि मग काहीच नाही.

खाली संडासात पाणी धो धो येत होतं. वर थेंब नाही. होम मिस्त्रीने काडी एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेली. गावची टाकी बुटकी आहे, तिच्या पाण्याला सव्वा मीटर भराव आणि त्यावरचं जोतं चढायची ताकद नाही, असं त्याने सांगितलं. मी गावप्रमुखांकडे धावलो.

"मोटर लावू का पाइपाला?"

"समितीचा नियम आहे, मोटर लावून ओढायचं नाही. मग खालच्यांना काय उरणार?"

"पण इतका भराव टाका म्हणून तुम्हीच सांगितलंत ना?"

"पुरासाठी सांगितलं होतं," ते म्हणाले. "पुराच्या पाण्यात नाही बुडणार तुमचं घर. नळाच्या पाण्याचं मी काही बोललो नव्हतो."

पाई मावशी म्हणाल्या, बोअर मारा. मारली. बत्तीस मीटरवर पाणी लागलं. सगळे टाळ्या वाजवत असताना बाबा काठी टेकत आले, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकले. खारट. आमच्या भागात जमिनीखाली मीठ आहे हे लहान मुलांनाही माहीत आहे. पण बोअर मारताना ते कुणी बोलत नाही, कारण सगळ्यांनाच बोअर बघायची असते. त्या पाण्यात लामदुआनने एकदा भाजी शिजवून पाहिली. पाई मावशींनी चव घेऊन, पुढच्या खेपेला मासळीचा खारट रस घालू नकोस, नुसतं पाणी पुरे, असा सल्ला दिला.

मग होम मिस्त्रीने घराच्या पायऱ्या केल्या. रस्त्यापासून ओटीपर्यंत सात. ह्या पायऱ्या बांधून होईपर्यंत, शपथेवर सांगतो, आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात काही आलं नव्हतं. लामदुआन ओल्या सिमेंटपाशी उभी होती. बाबा आले. त्यांनी काठीच्या टोकाने खालून वर पायऱ्या मोजल्या.

"माझ्या घराला अकरा," ते म्हणाले. "ह्याला सात. चार पायऱ्यांसाठी माणसाने घर सोडायचं?"

ते गेले. लामदुआन त्याच जागी खाली बसली. तिने कुणाला दोष दिला नाही, गावप्रमुखांना नाही, मलाही नाही, आणि तेच मला लागलं. आभाळ पश्चिमेला काळं व्हायला लागलं होतं. आठ महिने आम्ही एका गुडघ्यासाठी घर बांधत होतो आणि त्या गुडघ्याला चढता येणार नाही असं घर बांधून मोकळे झालो होतो. मी आयुष्यात पुष्कळ चुका नोंदवल्या आहेत, पण ह्या चुकीला कुठल्या रकान्यात घालावं हे मला कळेना. मला बायकोकडे बघवेना.

ह्या सगळ्या गडबडीत खाली काय चाललं होतं, तिकडे आमचं लक्ष नव्हतं. बाबांचा स्वतःचा संडास मागच्या बांबूत, बसका. गुडघा गेल्यापासून तिथे बसणं हा त्यांचा रोजचा छळ होता, पण हे ते कुणाला सांगणार नव्हते. फेब्रुवारीत एकदा ते, फरशी नीट बसली का बघतो, म्हणून ८७/१ मध्ये गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. नंतर रोज सकाळी बघायला जाऊ लागले. बाहेर सावली नाही म्हणून होम मिस्त्रीने घराचे उरलेले पत्रे जोडून पुढे एक पडवी काढली. पडवीत बसायला काही हवं म्हणून बाबांनी आपली बांबूची बाज खाली आणवली. पश्चिमेचं ऊन लागतं म्हणून त्या बाजूला भिंत झाली. भिंत झाली तशी तिला खिडकी झाली, मग पावसाची झड येईल म्हणून दुसरी भिंत. हे काम कुणी सांगितलं, कुणाच्या सिमेंटने झालं, होम मिस्त्रीला विचारलं की तो काडी फिरवायचा. दुपारचा चिकट भात बाबा तिथेच खायचे. पाई मावशी तिथेच त्यांचा रक्तदाब तपासायच्या. सगळं जमिनीलगत, हाताशी पाणी, धरायला दांडा.

लामदुआन पायरीवर बसली होती तिथून हे सगळं दिसत होतं. तिने बराच वेळ तिकडे पाहिलं. मग उठली, डोळे पुसले आणि खाली गेली. मी मागोमाग गेलो.

"बाबा," ती म्हणाली, "रात्री झोपायला तेवढे वर जाता. ते कशाला?"

"ते माझं घर आहे."

"आणि हे?"

बाबांनी पत्र्याकडे, खिडकीकडे, दाराला चिकटवलेल्या अळ्यांच्या कार्डाकडे पाहिलं.

"हे जावईबापूंचं. पुस्तकात नाव त्यांचं आहे ना. नंबर असेल ते घर, आणि नाव असेल तो मालक. मी काय, दिवसा बसतो."

"मग पुस्तक तुमच्या नावावर केलं तर?"

बाबांनी काठीने जमिनीवर एक रेघ मारली, ती पुसली. मग म्हणाले, "पुस्तक माझ्या नावावर असेल तर मी माझ्याच घरी राहतोय. त्यात काय."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगतो, क्षणभर मला जड गेलं. माणसाने आयुष्यभर नोकरी केली, निवृत्त होऊन घर बांधलं, त्यातल्या वरच्या घराला नंबर नाही, पाणी नाही, आणि खालचं होतं तेही जाणार. चार महिने का होईना, मी कशाचा तरी प्रमुख होतो. पण लामदुआनच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "सोमवारी कचेरी उघडी आहे."

सोमवारी पाऊस सुरू झाला होता. कचेरीला सहा पायऱ्या. मी एका बाजूने, लामदुआन दुसऱ्या बाजूने, असे आम्ही बाबांना वर नेलं. शेवटच्या पायरीला त्यांनी सगळा भार माझ्या खांद्यावर टाकला. खिडकीमागच्या मुलीने हात जोडले आणि चौकशी केली, की संडास कसा आहे. मग कागद काढले. मी घरप्रमुखपद सोडत असल्याचा अर्ज, बाबांचं नाव जुन्या घरातून काढून इथे आणल्याचा अर्ज, दोन्हींवर माझ्या सह्या. तिने निळ्या पुस्तकात नवी ओळ केली: घरप्रमुख, खाम्पान.

"आता काका, तुमचं आणि मावशींचं नाव," ती म्हणाली. "मावशी मुलगी आहेत, त्या राहतील. तुमचं काय करायचं? वरच्या घरात संडास नाही म्हणून त्याला नंबर नाही, म्हणजे तिथे तुमचं नाव घालता येणार नाही. ह्या पुस्तकात ठेवायचं तर घरप्रमुखांची परवानगी लागेल." आणि तिने बाबांकडे पाहिलं. "आजोबा, ठेवायचं का ह्यांचं नाव?"

नियमाप्रमाणे विचारणं भाग होतं, मीही विचारलं असतं. बाबा काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते, त्यांनी घाई केली नाही. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. बत्तीस वर्षांपूर्वीच्या वाकड्या ओळी त्यांच्या डोळ्यांसमोरून जात असाव्यात असं मला वाटलं.

"ठेव," ते म्हणाले.

"नातं काय लिहू?"

मी जावई म्हणायला तोंड उघडलं.

"मुलगा लिही," बाबा म्हणाले.

"आजोबा, ह्यांच्या कागदावर वडिलांचं नाव वेगळं आहे. तसं नाही लिहिता येणार."

"मग तुला काय येतं ते लिही. मी काय म्हणालो ते ऐकलंस ना? तेवढं पुरे."

मुलीने 'रहिवासी' असं लिहिलं आणि सहीसाठी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. कुठे सही करायची ते तिने बोटाने दाखवलं. मला ती रेघ नीट दिसेना. सही भलतीकडेच गेली, आणि मला तिच्याकडे दुसरा फॉर्म मागावा लागला.